चौसष्ट घरांची संख्या

(व्याख्यानाचा मजकूर)



बुद्धिबळाचा पट आणि धान्याचे दाणे ही कथा बालपणी ज्याच्या कानांवर पडली नाही, असा श्रोता या सभेत विरळाच असेल. राजा बुद्धिबळाच्या निर्मात्यावर प्रसन्न झाला आणि ‘हवे ते माग’ म्हणाला. त्या चतुर पुरुषाने मागितले काय, तर पटाच्या पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात आठ असे दुप्पट करीत चौसष्टाव्या घरापर्यंत जावे आणि तेवढे धान्य द्यावे. राजाला मागणी क्षुल्लक वाटली. हिशेब मांडणाऱ्या कोठीच्या अधिकाऱ्याला मात्र घाम फुटला.

कोणी या कथेत गहू घालतो, कोणी तांदूळ. दाणा कोणताही असो, त्याची संख्या बदलत नाही. ती अशी : १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. वीस अंकांची ही संख्या आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. तिचे गुणधर्म कुतूहल वाढविणारे आहेतच, परंतु तिच्या इतिहासात त्याहून मोलाची एक गोष्ट दडलेली आहे. वाडवडिलांचा अभिमान कसा बाळगावा आणि कसा बाळगू नये, याचा धडा ही एक संख्या देते.

संख्येचा आवाका

भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इ.स. ११५० मध्ये सिद्ध केलेल्या ‘लीलावती’त एक, दश, शत, सहस्र या क्रमाने अठरा स्थानांची नावे दिली आहेत. त्यांतील शेवटचे नाव परार्ध. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. पटावरची संख्या त्या यादीच्याही दोन स्थाने पुढे जाते. परार्धाच्या मापाने ती मोजायची तर १८४ परार्धांहून थोडी अधिक भरते.

एका ग्रॅममध्ये तांदळाचे सुमारे ४० दाणे बसतात असे धरले, तर राजाला सुमारे ४६,००० कोटी टन तांदूळ द्यावा लागला असता. आज साऱ्या जगात वर्षाकाठी ५० कोटी टनांहून थोडा अधिक तांदूळ पिकतो. म्हणजे राजाचे वचन पुरे करण्यासाठी आजच्या अवघ्या जगाने आठशेहून अधिक वर्षे आपले सर्व पीक त्या पटावर ओतले पाहिजे.

गंमत अशी की पटाच्या अर्ध्यापर्यंत काहीच बिघडत नाही. पहिल्या बत्तीस घरांतील दाण्यांची बेरीज ४,२९,४९,६७,२९५ होते. वजनात ती सुमारे १०७ टन, म्हणजे दहा टनांच्या दहा-अकरा मालमोटारींचा माल. कोणताही राजा एवढे सहज देऊ शकेल. घात होतो तो पटाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात. याचे कारण दुपटीच्या एका साध्या गुणधर्मात आहे. कोणत्याही घरातील दाणे त्याच्या आधीच्या सर्व घरांतील दाण्यांच्या बेरजेपेक्षा नेहमी एकाने अधिक असतात. चौथ्या घरात आठ. आधीच्या तीन घरांत एक, दोन आणि चार मिळून सात. एकट्या तेहतिसाव्या घराने पहिल्या अर्ध्या पटाला मागे टाकलेले असते. कर्ज, साथीचा रोग किंवा अफवा यांची वाढ आरंभी कोणाच्या डोळ्यांत का भरत नाही, हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने हा पट एकदा समोर मांडून पाहावा.

याच गुणधर्मामुळे पटाची बेरीज करण्यासाठी चौसष्ट आकडे एकाखाली एक मांडावे लागत नाहीत. पासष्टावे घर असते तर त्यात जेवढे दाणे आले असते, त्यांतून एक वजा केला की बेरीज तयार. म्हणजे दोनाला दोनाने गुणत चौसष्ट दोनांचा गुणाकार करायचा आणि एक कमी करायचा. गणिताच्या भाषेत ही संख्या दोनाचा चौसष्टावा घात उणे एक होय.

पिंगलाची रीत

आता प्रश्न उरतो चौसष्ट दोनांच्या गुणाकाराचा. एकेक दोन गुणत बसणे हा त्याचा कष्टाचा मार्ग झाला. सुटसुटीत मार्ग छंदःशास्त्रकार पिंगलाने दाखवून ठेवला आहे. विद्वान त्याचा काळ सामान्यतः इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या-दुसऱ्या शतकाच्या आसपास मानतात. पिंगलापुढचा प्रश्न धान्याचा नव्हता, तो छंदांचा होता. अक्षर लघू असते किंवा गुरू असते. एका अक्षराचे दोन प्रकार, दोन अक्षरांचे चार, तीन अक्षरांचे आठ. आठ अक्षरांच्या चरणात लघुगुरूंचे २५६ क्रम संभवतात. मग अक्षरे कितीही असली तरी एकूण प्रकार किती, हे सर्व प्रकार लिहून न काढता कसे सांगावे?

पिंगलाची रीत अशी. अक्षरसंख्या सम असेल तर तिचे अर्ध करावे आणि ‘वर्ग’ अशी खूण करावी. विषम असेल तर एक वजा करावा आणि ‘दुप्पट’ अशी खूण करावी. शून्य येईपर्यंत असे करीत जावे. मग एकापासून आरंभ करून खुणांच्या उलट क्रमाने वर्ग व दुप्पट करीत यावे. या खुणांसाठी पिंगलाने दोन आणि शून्य यांचा उपयोग केला आहे, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

चौसष्टासाठी ही रीत फारच सोपी ठरते. चौसष्टाचे अर्ध बत्तीस, मग सोळा, आठ, चार, दोन आणि एक. उलट येताना प्रथम २, त्याचा वर्ग ४, त्याचा वर्ग १६, त्याचा २५६, त्याचा ६५,५३६, त्याचा ४,२९,४९,६७,२९६ आणि त्याचा वर्ग म्हणजे आपली संख्या अधिक एक. केवळ सहा वर्ग केले की काम संपले. मोठ्या संख्यांचे घात काढण्यासाठी आजचा संगणकही याच जातीची रीत वापरतो. बँकेचा व्यवहार गुप्त राखणाऱ्या गणितात अशा रीतीवाचून चालत नाही.

पिंगलाने आणखी एक नियम दिला आहे. एक अक्षरापासून अमुक अक्षरांपर्यंतच्या सर्व छंदांची एकत्र बेरीज हवी असेल, तर शेवटची संख्या दुप्पट करून दोन वजा करावेत. हाच नियम सुमारे तेरा-चौदा शतकांनंतर भास्कराचार्यांच्या एका मनोरंजक उदाहरणाला लागू पडतो. एका दात्याने याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि पुढे रोज दुप्पट देण्याचे वचन दिले, तर महिन्याभरात तो किती निष्क देईल? महिना तीस दिवसांचा. तिसाव्या दिवशी १,०७,३७,४१,८२४ कवड्या. त्याची दुप्पट करून दोन वजा केले की एकूण २,१४,७४,८३,६४६ कवड्या. वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा निष्क या कोष्टकाने उत्तर येते १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखामुळे भास्कराचार्यांच्या कुळाचे नाते ज्या खानदेशाशी जोडले जाते, तेथील विद्यार्थ्यांनी तरी हे उदाहरण एकदा स्वतःच्या हाताने सोडवून पाहावे.

पटाची कथा आज ज्या सर्वांत जुन्या लेखनात आढळते ते लेखन मात्र अरबी आहे. नवव्या शतकापासूनच्या अरबी ग्रंथकारांनी ती भारतातील एका राजाची म्हणून सांगितली आहे. ख्वारिझमचा विद्वान अल्-बेरुनी याने इ.स. १००० च्या सुमारास लिहिलेल्या कालगणनेवरील ग्रंथात ही वीस अंकी संख्या अचूक काढून दाखविली, आणि तीही वर्गांच्याच मार्गाने. तेव्हा त्याने भारतभूमी पाहिलेली नव्हती. खेळ भारताचा, कथा अरबांच्या लेखणीतून टिकलेली आणि गणित दोघांचे असा हा प्रवास आहे. तो जसा आहे तसाच सांगण्यात कोणाचीही मान खाली जात नाही.

फर्माची चूक, ऑयलरचे उत्तर

पिंगलाच्या सहा वर्गांत आणखी एक नवल दडले आहे. कोणत्याही संख्येच्या वर्गातून एक वजा केला, तर उरणारी संख्या म्हणजे मूळ संख्येहून एकाने कमी आणि एकाने अधिक अशा दोन संख्यांचा गुणाकार असतो. शाळेतले हे सूत्र येथे पुनःपुन्हा लावत गेले की पटावरची संख्या आपोआप फुटत जाते आणि तिचे सहा तुकडे हाती येतात : ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७. प्रत्येक तुकडा म्हणजे पिंगलाच्या वाटेवरील एकेक टप्पा, अधिक एक.

यांतील पहिले पाचही तुकडे मूळ संख्या आहेत. त्यांना एक आणि स्वतः यांखेरीज विभाजक नाही. सतराव्या शतकातील फ्रेंच गणिती पिएर द फर्मा याच्या नजरेत ही माळ भरली. इ.स. १६४० मध्ये पत्रांतून त्याने असे मत मांडले की या माळेतील प्रत्येक संख्या मूळच असली पाहिजे. सिद्धता हाती नाही, हेही त्याने त्या वेळी प्रामाणिकपणे नमूद केले होते. फर्मा हा त्या शतकातील श्रेष्ठ गणितींपैकी एक होता. ज्याचे पाच दाखले डोळ्यांसमोर आहेत आणि ज्याला एवढ्या मोठ्या नावाचा आधार आहे, त्या विधानावर शंका कोण घेणार?

शंका घेतली गोल्डबाखने. १७२९ मध्ये त्याने पत्राद्वारे तरुण ऑयलरचे लक्ष या विधानाकडे वेधले. १७३२ मध्ये ऑयलरने दाखवून दिले की सहावा तुकडा मूळ संख्या नाही. ४,२९,४९,६७,२९७ म्हणजे ६४१ गुणिले ६७,००,४१७. फर्माचे विधान ब्याण्णव वर्षांनी कोसळले. ते पाडायला लागला एक तीन अंकी विभाजक.

हा विभाजक ऑयलरने आंधळेपणाने शोधला नव्हता. अशा संख्येचा मूळ विभाजक ६४ च्या कोणत्या तरी पटीत एक मिळवून येणाऱ्या रूपाचाच असू शकतो, हे त्याने पुढे सिद्ध केले. या रूपाच्या मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. म्हणजे योग्य विचार केला तर पाचव्याच भागाकाराला उत्तर हाती येते.

ज्यांना भागाकारही नको, त्यांच्यासाठी एक देखणी पडताळणी आहे. ६४१ म्हणजे ६४० अधिक १, आणि ६४१ म्हणजेच ६२५ अधिक १६. ६४० चा चौथा घात घेऊन त्यातून एक वजा केला तर उरलेल्या संख्येला ६४१ ने भाग जातो. त्याच चौथ्या घातात दोनाचा बत्तिसावा घात मिळवला तरी ६४१ ने भाग जातो, कारण ती बेरीज म्हणजे दोनाचा अठ्ठाविसावा घात गुणिले ६२५ अधिक १६. या दोन संख्यांची वजाबाकी केली की नेमके ४,२९,४९,६७,२९७ उरतात. ज्या दोन संख्यांना ६४१ ने भाग जातो, त्यांच्या वजाबाकीलाही तो गेलाच पाहिजे. पाठकोऱ्या कागदावर मावणारी ही सिद्धता आहे.

अशा रीतीने पटावरच्या संख्येचे संपूर्ण अवयव हाती आले : ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७. सात निरनिराळ्या मूळ संख्या. त्यांच्या निवडीतून एकंदर १२८ विभाजक तयार होतात, म्हणजे पटावरील घरांच्या बरोबर दुप्पट.

फर्माची माळ त्यामुळे निरुपयोगी ठरली असे नाही. १७९६ मध्ये अठरा वर्षांच्या गाऊसने दाखवून दिले की केवळ पट्टी आणि कंपास वापरून सतरा बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो. त्यामागचे रहस्य याच माळेतील १७ मध्ये होते. विषम बाजूंचे जे सुसम बहुभुज असे काढता येतात असे आज ज्ञात आहे, त्यांतील सर्वांत मोठ्याच्या बाजू ४,२९,४९,६७,२९५ आहेत. हा आकडा श्रोत्यांच्या ओळखीचा असेल. अर्ध्या पटावरचे दाणे तेवढेच होते. फर्माच्या माळेत ६५,५३७ नंतर एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही. पुढच्या ज्या ज्या संख्येचा निवाडा झाला, ती प्रत्येक संयुक्त निघाली.

काशीचा मनोरा

आता या संख्येच्या दुसऱ्या कथेकडे वळू. काशीच्या एका मंदिरात हिऱ्याच्या तीन सुया आहेत. सृष्टीच्या आरंभी ब्रह्मदेवाने त्यांपैकी एकीवर सोन्याच्या चौसष्ट चकत्या, मोठीवर लहान अशा रचून ठेवल्या. पुजारी अहोरात्र एका वेळी एकच चकती हलवितात आणि लहान चकतीवर मोठी कधी ठेवीत नाहीत. सर्व चकत्या दुसऱ्या सुईवर गेल्या की सृष्टीचा अंत होईल. अशी ही कथा अनेक पुस्तकांत ‘प्राचीन भारतीय दंतकथा’ म्हणून छापली जाते आणि भाषणांतूनही मोठ्या अभिमानाने सांगितली जाते.

यातील गणित खरे आहे. एक चकती हलविण्यास एक खेळी, दोन चकत्यांना तीन, तीन चकत्यांना सात. प्रत्येक नव्या चकतीमागे आधीच्या खेळ्यांची दुप्पट अधिक एक. चौसष्ट चकत्यांना पटावरच्या दाण्यांइतक्याच खेळ्या लागतात. दर सेकंदास एक खेळी धरली तरी सुमारे ५८,४५० कोटी वर्षे लागतील. विश्वाचे आजचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे मानले जाते. त्याच्या बेचाळीस पटींहून अधिक हा काळ आहे.

गणित खरे, पण दंतकथा प्राचीन नाही आणि भारतीयही नाही. हा खेळ १८८३ मध्ये फ्रान्समध्ये एदुआर ल्युका या गणितीने बाजारात आणला. खोक्यावर त्याने स्वतःच्या नावाची अक्षरे उलटसुलट करून एका बनावट प्राध्यापकाचे नाव छापले होते. काशीच्या मंदिराचे सजविलेले वर्णन पुढच्याच वर्षी एका फ्रेंच विज्ञान नियतकालिकात आले. गूढ पौर्वात्य देशाची झूल पांघरली की खेळण्याला खप मिळतो, हे त्या काळच्या युरोपला पक्के ठाऊक होते. परक्याने विक्रीसाठी रचलेली कथा वारसा म्हणून मिरवायची आणि ज्या पिंगलाच्या रीतीत ही संख्या सहा पायऱ्यांत हाती येते, त्याचे नाव मुलांना सांगायचे नाही, याहून मोठे दैन्य ते कोणते?

अभिमानाची कसोटी

याच प्रकारचा एक मोह आजच्या काळातही उभा राहतो. बहुसंख्य नव्या संगणकांचा एक शब्द चौसष्ट द्विमान अंकांचा असतो. अशा शब्दात मावणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्या म्हणजे नेमकी बुद्धिबळाच्या पटावरची संख्या. जुन्या बत्तीस अंकी रचनेत एक अंक धन-ऋण चिन्हासाठी राखला की उरणारी कमाल संख्या २,१४,७४,८३,६४७ होते. जुन्या यंत्रणा १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद याच जागेत मोजतात. म्हणून १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी आठ वाजून चव्वेचाळीस मिनिटे सात सेकंदांनी त्यांची मोजणी संपते आणि पुढच्या क्षणी त्यांचे घड्याळ चुकते. त्यासाठी जगभर यंत्रणा बदलण्याचे काम चालू आहे.

हा आकडा ‘लीलावती’तील कवड्यांच्या शेजारी ठेवून पाहावा. भास्कराचार्यांचे उत्तर त्याहून बरोबर एकाने कमी आहे. येथे कोणी उत्साही वक्ता उठून म्हणेल की बाराव्या शतकात संगणकाचे ज्ञान होते. तसे म्हणणे हा भास्कराचार्यांचा गौरव नव्हे. दोन्ही आकडे जवळ आले ते दुपटीच्या नियमामुळे. तीस दिवसांची दुप्पट आणि एकतीस अंकांची जागा यांचे गणित एकच आहे. भास्कराचार्यांची थोरवी भविष्य जाणण्यात नाही. रोजच्या व्यवहारातील कवडीपासून निघून त्यांनी नियम इतका स्वच्छ मांडला की आठशे सत्तरहून अधिक वर्षांनंतरही कोणीही तो पडताळून पाहू शकतो. पडताळता येईल ती गोष्ट टिकते. खोट्या दाव्याने मात्र खऱ्याचेही मोल घटते, कारण परीक्षक एक दावा खोटा ठरल्यावर उरलेल्या शंभरांकडे संशयाने पाहू लागतो.

फर्मासारख्या श्रेष्ठाचे विधान एका भागाकाराने बाद झाले, तरी त्याची प्रतिष्ठा उणावली नाही. त्याच्या माळेचा अभ्यास आजही चालू आहे. आपल्या पूर्वसूरींनाही हीच कसोटी लावण्याचे धैर्य हवे. पिंगल आणि भास्कराचार्य त्या कसोटीला निर्भयपणे उतरतात. त्यांना दंतकथेच्या टेकूची गरज नाही.

म्हणून या व्याख्यानाच्या अखेरीस श्रोत्यांना एकच विनंती. आज रात्री जेवणे आटोपल्यावर घरातल्या मुलांना कागद-पेन्सिल घेऊन जवळ बसवावे. दोनापासून सहा वेळा वर्ग करायला लावावे, आणि चौथा वर्ग ६५,५३६ आला की थांबून पुढचा गुणाकार वडीलधाऱ्यांनी स्वतः करावा. तो चुकेल. मुले ती चूक दाखवतील. ती दाखवू लागली की त्यांना रागावू नये.